लॉन्ड्रीची उंच गाडी

गाडी विकणारा बुचकळ्यात पडला होता. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडतं, टायरला लाथ मारतं, गाडी किती पळाली ते विचारतं. या गिऱ्हाइकाने आल्याआल्या आपल्या बायकोला मागच्या रिकाम्या डब्यात चढवलं, तिच्यासाठी एक घडीचं स्टूल मांडलं आणि म्हणाला, "बस. आता हात वर कर. अजून वर. हातात दोन लिटरची पिशवी आहे असं समज."

बायकोने बसल्या बसल्या हात वर केला. "पुरे का?"

"छत किती राहिलं?"

"अहो, टेप आणलीय ना तुम्ही? मग मला कशाला फूटपट्टी करताय?"

त्याने टेप लावली, आकडा वहीत लिहिला, पुन्हा टेप लावली आणि तोच आकडा त्याच्याखाली पुन्हा लिहिला. बारा वर्षांची मुलगी दारात पाय हलवत बसली होती. ती विकणाऱ्याला म्हणाली, "काका, घाबरू नका. बाबा सगळं दोनदा करतो."

खरंच करायचा. लिफ्टच्या देखभालीत त्याची वीस वर्षं गेली होती आणि कामावर त्याला सगळे 'डबलचेक' म्हणत. दोर तपासून जिन्याने खाली यायचा आणि शंका आली की परत चढून दोर बघायचा. त्याच्या हाताखालच्या लिफ्टमध्ये आजवर कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पण तीन वर्षांपूर्वी बायकोच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, आणि ते मात्र त्याला आधी कुठेच दिसलं नव्हतं.

तेव्हापासून तिचं डायलिसिस घरीच चालायचं, पोटातून. बेंबीच्या बाजूला एक बारीक नळी कायमची बसवलेली होती. औषधी पाण्याची पिशवी उंच टांगायची, नळीला जोडायची, पाणी पोटात सोडायचं. चार-पाच तासांनी तेच पाणी शरीरातली घाण घेऊन खालच्या रिकाम्या पिशवीत उतरवायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा तास. जोडताना खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. एखादा जंतू नळीतून आत गेला तर पोटात संसर्ग, आणि संसर्ग झाला तर काय काय होऊ शकतं ते हॉस्पिटलातल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. त्याने ते वहीत मुद्दे घालून उतरवलं होतं.

"पण म्हणून घरात कोंडून घेऊ नका," असंही सिस्टर म्हणाली होती. "हे कुठेही करता येतं. लोक मजेत फिरतात." हे वाक्य काही त्याने उतरवून घेतलं नव्हतं.

बायको गणिताची शिक्षिका. शाळा घरापासून सात मिनिटांवर, त्यामुळे मधल्या सुट्टीत घरी येऊन ती पिशवी बदलून जायची. तीन वर्षांत ही तिघं घरापासून दोन तासांपलीकडे गेली नव्हती. बायको एकदा म्हणाली, "हॉटेलात राहू की दोन दिवस." त्याच्या डोळ्यांसमोर हॉटेलच्या चादरी आल्या, पडदे आले, नळ आले, आधी राहून गेलेली अनोळखी माणसं आली, आणि विषय तिथेच बारगळला.

मुलीला घरात मुंगी म्हणत, कारण लहानपणी ती सापडेल ती वस्तू ओढत आपल्या कोपऱ्यात न्यायची. तिच्या वर्गाची चार दिवसांची सहल ठरली तेव्हा तिने शाळेची चिठ्ठी घरी दाखवलीच नाही. बाईंना परस्पर सांगून टाकलं, मला नाही यायचं. मुंगी आईच्याच शाळेत होती, त्यामुळे आईला ते शिक्षकांच्या खोलीत कळलं.

"का गं नाही जायचं?" आईने घरी येऊन विचारलं.

"असंच. बोअर असतं."

"खरं सांग."

मुंगी बराच वेळ पेन्सिलीचं टोक काढत राहिली. मग म्हणाली, "मी तिकडे असताना तुला काही झालं तर?"

मुंगी खेळायला गेल्यावर बायको त्याच्यासमोर येऊन बसली. "तुमची भीती आता तिच्यात उतरलीय," ती म्हणाली. "तुम्हाला हॉटेल चालत नाही, कुणाचं घर चालत नाही. ठीक आहे. मला अशी एक खोली पाहिजे, जी तुम्हाला चालेल आणि जिला चाकं असतील. बघा काय जमतं."

तिने गणित घातलं आणि तो सोडवायला बसला.

पहिली गाडी दिसायला देखणी होती. शेगडी, पलंग, फुलाफुलांचे पडदे, सगळं तयार. तो पाठीवर झोपून खाली सरकला, स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाखाली नुसता गंज. दुसरी गाडी मासेवाल्याची. बायको आत चढली आणि उतरली, मध्ये श्वास घेण्याइतकाही वेळ गेला नाही. "तीन वेळा धुतलीय," मालक म्हणाला. "मग चौथ्यांदा धुवा," ती नाकावर रुमाल धरून म्हणाली.

ही तिसरी एका लॉन्ड्रीची. कपडे हँगरला लटकवून न्यायचे म्हणून छप्पर उंच, आणि छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड लोखंडी पाइप. आत अजून साबणाचा वास येत होता. तो त्या पाइपला स्वतः लोंबकळला, मग मुंगीला लोंबकळायला लावलं, मग दोघं एकदम लोंबकळले. पाइप तसूभरही हलला नाही.

विकणाऱ्याला शेवटी राहवलं नाही. "साहेब, तुम्हाला या गाडीत करायचंय तरी काय?"

"फिरायला जायचंय," बायको म्हणाली.

गाडी घराखाली येऊन उभी राहिली आणि त्याच्या जिवाला नवा घोर लागला. कामावरून आला की चहाचा कप घेऊन थेट गाडीत. उन्हाने पत्रा तापला तर औषधी पाणी खराब होईल, म्हणून भिंतींना जाड फोम. बॅटरी उतरली तर? म्हणून दुसरी बॅटरी. दुसरीही उतरली तर? म्हणून छतावर सौर पॅनेल. धूर ओळखणारी घंटा, गॅस ओळखणारी घंटा, हात न लावता पायाने सुरू होणारा नळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या अर्ध्या भागात एक पूर्ण बंद खोली. लाकडी भिंत, कडांना रबर लावलेलं दार, आत पलंग, पुसून काढता येतील असे पांढरे पत्रे. तिथे बायकोचं डायलिसिस होणार होतं आणि तिथे एकही जंतू येणार नव्हता.

सुतारकामाला जे काका मिळाले ते होड्यांच्या आतलं काम करून म्हातारे झाले होते. हलणाऱ्या जागेत वस्तूंना पाय फुटतात, असं ते म्हणायचे, म्हणून प्रत्येक कप्प्याला खिटी आणि प्रत्येक फळीला काठ. त्यांनी भिंतीचं चित्र चष्मा वरखाली करून पाहिलं.

"साहेब, एवढ्याशा जागेत भिंत घातली तर ती गाडी राहणार नाही. कपाट होईल."

"जंतू येऊ नयेत म्हणून आहे ती."

"जंतू तुमच्या आधीच आत जाऊन बसलेले असतील," काका म्हणाले. "पण तुम्ही म्हणाल तसं. फक्त लाकूड कापायच्या आधी हे सगळं जमिनीवर आखून बघा. कागदावर माणूस बारीक दिसतो."

ते त्याला पटलं. रविवारी सकाळी त्याने गाडीशेजारच्या फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावून खऱ्या मापाची गाडी आखली. पलंग, ओटा, टाक्या, खोकी. मग दोघींना खाली बोलावलं आणि आखलेल्या दारातून आत घेतलं.

"ही आईची खोली. हा नळ. इथे पिशव्यांची खोकी, दहा दिवस पुरतील एवढी."

"आपण जाणार किती दिवस?" बायकोने विचारलं.

"तीन."

"मग दहा दिवसांच्या कशाला?"

"रस्ता बंद झाला तर?"

"सात दिवस?"

मुंगी पट्ट्यांच्या मधून पावलं मोजत चालत होती. या टोकाला गेली, त्या टोकाला गेली, परत आली. "बाबा," ती म्हणाली, "आणि मी कुठेय?"

त्याने हातातल्या चित्राकडे पाहिलं. दुसरं पान उलटलं. पाण्याची दुसरी टाकी होती, दुसरी बॅटरी होती, अग्निशामकाची जागासुद्धा लाल पेनाने दाखवलेली होती. महिनाभर तो या चित्रावर बसला होता, आणि त्यात मुंगी कुठेच नव्हती.

"तू ना, पुढच्या सीटवर," तो म्हणाला. "सीट मागे पडते. उशी देऊ छान."

मुंगी पुढच्या सीटच्या चौकोनात गेली, गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर आडवी झाली आणि थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठून कपडे झटकले. "चालेल," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

जिन्यात तिच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत बायकोने वाट पाहिली.

"चालेल," ती मग म्हणाली. "ऐकलंत ना? तिला आताशा सगळं चालतं. सहल नको, चालेल. बाहेर जेवायला नको, चालेल. बारा वर्षांच्या पोरीला इतकं सगळं चालता कामा नये."

"मी विसरलो. चुकलं माझं. काढतो जागा कुठेतरी."

"कुठेतरी नाही. तुम्ही ही गाडी माझ्या पोटातल्या नळीसाठी बांधताय. नळीच्या या बाजूला मी आहे. मला खिडकीतून बाहेर बघायचंय, पोरीशी पत्ते खेळायचेत, तुमच्याशी भांडायचंय. कपाटात बसवून फिरवणार असाल तर मी येणार नाही. तुम्ही आणि तुमचे जंतू जा फिरायला."

"आणि काही झालं तर?"

"तर होईल!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

त्याने चिकटपट्टी सोलून काढली. फरशीवर तिचे करडे डाग राहिले. पुढच्या आठवड्यात काकांनी नवी मांडणी सुचवली. भिंत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर, उंच छताखाली, आडवी फळी टाकून मुंगीचा पलंग आणि उशाशी एक छोटी खिडकी. खोकी दहा दिवसांवरून पाच दिवसांवर, पाण्याची एकच टाकी. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला, पण मनातून राजी नव्हता. भिंतीसाठी आणलेलं रबर त्याने फेकलं नाही. पलंगाखाली गुंडाळून ठेवलं.

काम संपायला चार महिने लागले. बायकोने उभ्या गाडीत दोनदा पिशवी बदलून पाहिली. दोन्ही वेळा सगळं सुरळीत झालं. तिसऱ्यांदाही बघू या, असं तो म्हणाला तेव्हा तिने कॅलेंडरवर शनिवारभोवती गोल केला. "या शनिवारी. सोमवारची सुट्टी आहे. तळ्यावर जाऊ."

तळं पाच तासांवर होतं. त्याने वाटेतलं डायलिसिस होणारं प्रत्येक हॉस्पिटल नकाशावर लाल ठिपक्याने दाखवलं, त्यांचे फोन नंबर लिहिले आणि प्रत्येक नंबर लागतो का ते फोन करून पाहिलं. दोन ठिकाणी लोक वैतागले.

शनिवारी दुपारची पिशवी एका पेट्रोल पंपाच्या कडेला झाली. बायको आत, तो आणि मुंगी बाहेर. तो दाराला पाठ लावून पहारेकऱ्यासारखा उभा होता. एक ट्रक धूळ उडवत गेला तेव्हा त्याने अंग पसरून दाराची फट झाकायचा प्रयत्न केला. "झालं का?" त्याने अर्ध्या तासात सहा वेळा विचारलं. सातव्यांदा तोंड उघडलं तेव्हा आतून आवाज आला, "विचारू नका!"

संध्याकाळी तिघं झाडीतल्या एका मुक्कामाच्या जागी थांबली. तळं आता तासाभरावर होतं. मुंगी आपल्या फळीवर चढली आणि खिडकीतून दिसणाऱ्या एकूण एक गोष्टीची बातमी खाली देत राहिली. बायको हसत होती, पण जेवली कमी. त्याच्या ते लक्षात आलं. प्रवासाचा शीण असेल, ती म्हणाली.

रविवारी सकाळी आठ वाजता तो बाहेर शेगडीवर अंडी उकडत होता. आतून हाक आली. "अहो."

एवढीच. पण तो चमचा टाकून आत धावला.

पोटातून उतरलेलं पाणी रोज फिकट पिवळं आणि नितळ असायचं. आज पिशवीत तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी होतं. बायकोने पिशवी खिडकीच्या उजेडात धरली, मग दाराच्या उजेडात. दोन्हीकडे तेच. तिने स्वतःच सिस्टरला फोन लावला.

"पिशवीखाली छापलेलं काहीतरी ठेवा," सिस्टर म्हणाली. "अक्षरं वाचता येतात का बघा."

मुंगीने शेगडीचं माहितीपत्रक आणलं. पिशवी त्याच्यावर ठेवली. "वरचं मोठं दिसतंय," ती वाकून म्हणाली. "शेगडी वापरण्यापूर्वी. खालचं बारीक नाही दिसत. आई, काहीच नाही दिसत."

"पोटात दुखतंय?" सिस्टरने विचारलं.

"थोडं. काल संध्याकाळपासून."

"काल संध्याकाळपासून?" तो ओरडला. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी वळवली असती."

"वळवलीच असती!"

"म्हणून नाही सांगितलं," बायको म्हणाली, पण आता तिचा आवाज बारीक झाला होता.

सिस्टरने दोघांना गप्प केलं. जवळचं हॉस्पिटल गाठा, ही पिशवी फेकू नका, बरोबर न्या. लाल ठिपका चाळीस मिनिटं मागे होता. अंडी पाण्यासकट झाडाखाली ओतून त्याने गाडी काढली. भिंत, भिंत, भिंत, एवढंच त्याच्या डोक्यात चालू होतं. भिंत असती तर धूळ आत आली नसती. काकांचं ऐकलं, हिचं ऐकलं. आरशात त्याला मुंगी दिसत होती. ती आईचा हात धरून बसली होती, आणि आईच्या दुसऱ्या बाजूला ती पिशवी पट्टा लावून ठेवलेली होती, जणू चौथं माणूस.

हॉस्पिटलमध्ये पाण्याचा नमुना तपासणीला गेला. दीड तास तिघं बाकावर बसली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांना कसलीच घाई नव्हती.

"संसर्ग आहे," त्या म्हणाल्या. "पण लवकर आलात. ताप नाही, दुखणं फार नाही. औषध त्याच पाण्यातून पोटात सोडायचं. दोन आठवडे चालेल. भरती करून घ्यायची गरज मला वाटत नाही. मात्र पहिले तीन दिवस रोज सकाळी यायचं आणि ताप आला तर लगेच. गावात राहायची सोय आहे का?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात मुंगी म्हणाली, "आहे. खाली उभी आहे."

वॉचमनने स्वयंपाकघराच्या मागची जागा दाखवली. पुढचे तीन दिवस लॉन्ड्रीची गाडी तिथेच उभी होती. तिघांची तीन वर्षांतली पहिली सहल. समोर पाण्याची टाकी, डावीकडे गॅसची रिकामी नळकांडी, आणि दिवसातून दोनदा मोठमोठ्या पातेल्यांचा खणखणाट. मुंगी पहिल्याच संध्याकाळी भाज्या चिरणाऱ्या बाईंना आपला पलंग दाखवून आली. त्या बाई आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन परत आल्या. पायाने सुरू होणारा नळ बघून तिघीही हरखल्या आणि आळीपाळीने हात धुऊन गेल्या.

बायको औषधाने पेंगत पडून होती. तो पायरीवर बसून होता. पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता.

"घरी गेलो की ही विकून टाकू," तो मागे न बघता म्हणाला.

वरच्या फळीवर पान उलटण्याचा आवाज थांबला.

"या बाजूला बघा," बायको म्हणाली. तो वळला. ती कोपरावर टेकून उठली होती. "मघाशी या हॉस्पिटलातली सिस्टर काय म्हणाली? जंतू आत शिरल्यावर पाणी गढूळ व्हायला बहुतेक वेळा दीड-दोन दिवस जातात. आज सकाळी आठपासून मागे मोजा."

त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. "शुक्रवार. सकाळी आठ ते रात्री आठ."

"दुपार. घरी. आपल्या खोलीत. खिडकी उघडी होती आणि मी मास्क लावला नव्हता." तिने चादर सारखी केली. "गाणं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं ना, तर नुसतं हसू येत होतं मला. बॅग भरता भरता पिशवी बदलली. हातसुद्धा नीट धुतले की नाही, आठवत नाही."

त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, गाडीचा दोष नव्हता. पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली. चार महिने तो फटी बुजवत बसला होता आणि ही गाणं म्हणत होती! तो उठला आणि काही न बोलता चालायला लागला. हॉस्पिटलला दोन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीत आत शिरून लिफ्टमध्ये उभा राहिला आणि कुणीतरी दाबलेल्या मजल्यावर वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. सवयीने कान देऊन दोराचा आवाज ऐकला. सवयीनेच भिंतीवरचं तपासणीचं प्रमाणपत्र वाचलं. तारीख चालू होती. म्हणजे त्याच्यासारखाच कुणीतरी येऊन सगळं दोनदा बघून गेला होता. तरी ही लिफ्ट कधीतरी अडकणारच. त्याच्या स्वतःच्याही अडकत होत्या, वर्षाला दहा-बारा. त्याबद्दल त्याला कधी कुणी दोष दिला नव्हता. लिफ्ट अडकूच नये हे त्याचं काम नव्हतं. अडकलेला माणूस सुखरूप बाहेर यावा, त्यासाठी ब्रेक लागावा, घंटा वाजावी, दार उघडावं, हे त्याचं काम होतं. आणि आज सकाळी घंटा वाजली होती. लाल ठिपका जागेवर होता, फोन लागला होता, चाळीस मिनिटांत दार उघडलं होतं.

तो परत आला तेव्हा बायको जागीच होती.

"कुठलं गाणं?" त्याने विचारलं.

"ते नाही सांगणार," ती म्हणाली. "चिडलायत?"

"हो."

"किती?"

"मोजतोय अजून."

वरच्या फळीवरून फिसकन हसण्याचा आवाज आला. मग तिघं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून आलेलं सूप प्यायली. ते अगदी पाणचट होतं. त्याने दोन वाट्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी तसंच होतं, किंवा थोडं बरं. मुंगी म्हणाली बरं आहे, तो म्हणाला तसंच आहे. तो दर तासाला बायकोच्या कपाळाला हात लावत होता, शेवटी तिने थर्मामीटर त्याच्याच तोंडात खुपसला. तिसऱ्या दिवशी मात्र बारीक अक्षरंही दिसली. मुंगीने शेगडीच्या सगळ्या अकरा सूचना पाण्यातून मोठ्याने वाचल्या आणि शेजारच्या रुग्णाच्या मुलाने टाळ्या वाजवल्या.

"बुधवारी निघायला हरकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं औषध आणि तीन दिवसांच्या पिशव्या देते. तुमच्या नेहमीच्या हॉस्पिटलला मी बोलून घेते. तीन-चार दिवसांनी तिथे दाखवा. शुक्रवारी गेलात तरी चालेल."

बुधवारी सकाळी त्याने गाडी फाटकाबाहेर काढली आणि थांबवली. उजवीकडे घर, साडेतीन तास. डावीकडे तळं, पावणेदोन तास. त्याने नकाशा उघडला, तळ्यापासून या हॉस्पिटलचं अंतर पाहिलं, नकाशा मिटला, परत उघडला. इंजिन चालू होतं. एका रिक्षावाल्याने मागून हॉर्न दिला.

"शाळेला काय कळवायचं?" त्याने विचारलं.

"शुक्रवारपर्यंत रजा टाकलीय मी," बायको म्हणाली. "दोघींची."

"कधी?"

"काल. पाणी बघितल्या बघितल्या."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"तुम्ही कुठे वळता ते बघून."

तो डावीकडे वळला.

तळं फार काही सुंदर नव्हतं. पाणी आत गेलेलं, काठाला चिखल, आणि एक मोडकी होडी उलटी टाकलेली. मुंगी चपला हातात घेऊन धावत सुटली. बायकोची दुपारची पिशवी बदलायची वेळ झाली होती. तिने हात धुतले, मास्क लावला, त्याच्याकडे बघून तो नाकावर नीट दाबला आणि दार आतून लावून घेतलं.

तो गाडी आणि पाणी यांच्या मधोमध उभा राहिला. गाडीच्या दाराकडे बघितलं की मुंगी नजरेआड व्हायची. मुंगीकडे बघितलं की दाराकडे पाठ व्हायची. पुढे गेलेली मुंगी आता घोट्यापर्यंत पाण्यात होती, आणि तिथून हात हलवून काहीतरी सांगत होती. वाऱ्यामुळे शब्द कळत नव्हते. त्याने एकदा मागे पाहिलं. पडद्याआडून पिशवी टांगणारा हात वर जाऊन खाली आला. धास्ती काही गेली नव्हती. तसाच तो वाकला, बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि चिखलातून मुंगीकडे चालायला लागला.